रुंद पट्टी वर

दोहा, ७ फेब्रुवारी १९७८

ब्रिटिश जहाजाचा लाल झेंडा आज आमच्या शिवणकामाच्या दुकानात परत आला. कोपऱ्यातला युनियन जॅक उलटा शिवलेला. काठीकडची रुंद पांढरी पट्टी वर हवी, ती खाली. उलटा झेंडा म्हणजे जहाज संकटात.

"चाचा, अभी डूबे नहीं हम!" खलाशी हसला.

अप्पांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "डोळे गेले माझे. खलास. उद्यापासून शिवण बंद."

पण परवा ते जेवायला गेले तेव्हा तो कोपरा मीच जोडला! रुंद पट्टी वर, हे त्यांनीच शिकवलेलं. कशी चुकले?

सांगितलं. दोनदा सांगितलं.

"बापाला सांभाळून घेतेस होय, पोरी?" म्हणाले, आणि मशीन झाकलं.

रुंद पट्टी वर. आता लक्षात ठेवून काय करू?