भाव येईपर्यंत

दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्याच घरातून लिहितो आहे, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. कारण टेबल तू बांधून ठेवलंस. सकाळी येऊन खिडक्या उघडल्या, सगळे नळ थोडा वेळ सोडून ठेवले. बंद घराच्या नळाला आधी गंजकं पाणी येतं आणि गिऱ्हाईक नेमकं तोच नळ उघडतं. एवढी वर्षं एजंटगिरी करून एवढं तरी शिकलो. तेव्हा घराची काळजी नसावी.

बातमी अशी, की तो घड्याळं दुरुस्त करणारा आणि त्याची बायको काल पुन्हा आले होते. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन जी उभी राहिली, ती हलेचना. मी ओळखलं, मासा गळाला लागला. त्याने भावही बरा सांगितला. मी नाही म्हटलं.

आता लगेच चिडू नकोस. बाजार असा तापलाय, की सकाळचा भाव संध्याकाळी शिळा होतो. माझ्या ऑफिसातली किल्ल्यांची फळी तुला आठवत असेल. तिचे सगळे खिळे रिकामे आहेत. किल्ली अडकवीपर्यंत घर विकलेलं असतं. शिवाय आमच्या धंद्यात शेवटचा व्यवहार म्हणजे त्या गल्लीचा भाव. तुझं घर कमीत दिलं तर उद्या सगळी गल्ली माझ्या नावाने खडे फोडेल, की याने सख्ख्या बहिणीचं घर एवढ्यात दिलं, मग आमच्या घराला कोण विचारणार? आणि खरं सांगू? परक्यांच्या घरांसाठी मी जीव तोडून भाव आणतो, मग माझ्या बहिणीचं घर काय वाटेवर पडलंय?

तुला घ्यायचंय ते आपल्या थोरल्या आक्काशेजारचं घर कुठे पळून जात नाही. घरमालकाने, त्या औषधवाल्याने, शब्द दिलाय, की ज्या दिवशी याल त्या दिवशीच्या बाजारभावाने देईन. तोवर चार महिने चिरंजीवांकडे राहा, नातवंडांचे लाड कर. घर रिकामं करून दाखवू, हा हट्ट माझाच होता, हे मी विसरलेलो नाही. उन्हाळा सरेपर्यंत थांब.

भाव वाढतो आहे, त्याच्याबरोबर तुझा लोभही वाढता राहावा, ही विनंती.

तुझा,
धाकटा

---

दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तुझ्या मागे सतत कुणीतरी घाईत असतं आणि तूही मला गिऱ्हाइकासारखं 'हो हो, नक्की' करतोस. म्हणून पत्रच बरं.

घड्याळवाल्याची बायको खिडकीशी उभी राहिली, हे वाचून बरं वाटलं. मीही तिथेच उभी राहायचे. तिला देऊन टाकलं असतंस तरी चाललं असतं. पण व्यवहार तुझा, मी कशाला नाक खुपसू? आणि खोटं कशाला बोलू, तू फोनवर सांगितलेला आकडा ऐकून मलाही गोड वाटलं. चार पैसे जास्त आले तर आक्काला नवा ओटा करून देऊ, असे मनातल्या मनात मांडेही खाल्ले.

इथे सगळं ठीक. मी बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते, म्हणजे सगळ्यांचा टीव्ही झाला की मग. ट्रंक दिवाणाखाली आहे. कपडे काढायचे तर आधी नातवाचा अभ्यास उठवावा लागतो. सूनबाई फार चांगली आहे. इतकी चांगली, की मला कामाला हात लावू देत नाही, त्यामुळे दिवस काही सरत नाही.

आक्काचं पाकीट आलं. आत दोन पत्रं, आणि दोन्ही तीच, अक्षरन् अक्षर! दोन्हींच्या शेवटी, 'तुझी खोली झाडून ठेवली आहे, कधी येतेस?' आधी मला समजेना, मग कळलं, की टोमणा आहे. लहानपणी पाढा चुकला की आपल्याला दोनदा लिहायला लावायची, तसं. एकदा सांगून कळत नाही ना, मग घ्या दोनदा! सूनबाईला वाचून दाखवलं, आम्ही दोघी खूप हसलो.

तेव्हा आता जरा मनावर घे. तब्येत सांभाळ, उन्हात घरं दाखवत हिंडू नकोस.

माझा लोभ काही बाजारावर अवलंबून नाही. तुझाही नसावा.

तुझी,
ताई

---

दि. २८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहवत नाही. काम नव्हतं म्हणूनच लिहिलं नाही.

बँकांनी कर्जाचं व्याज वाढवलं आणि लोकांनी हात आखडते घेतले. मागे लोक जिना चढता चढता बयाण्याचं बोलायचे. आता आरामात येतात, भिंतीवर टकटक करतात, कपाटात डोकं घालतात, चहा घेतात आणि म्हणतात, 'कळवतो'. हा 'कळवतो' ऐकून ऐकून माझे कान किटले. एक म्हातारं जोडपं दर रविवारी येतं. त्यांना घर घ्यायचं नाहीये, हे मला आत्ता कुठे कळलं. त्यांचा तो विरंगुळा आहे. परवा आजींनी विचारलं, की आज जरा बाल्कनीवालं दाखवता का. मीही दाखवलं. मला तरी दुसरं काय काम होतं?

ऑफिसातला मुलगा विमा विकायला गेला. किल्ल्यांची फळी आता गच्च भरली आहे. रोज एकेक घर उघडून वारा घालून येतो. तुझं मात्र कधी चुकवत नाही.

तुझ्या घराला एकाने भाव सांगितला, पण घड्याळवाल्यापेक्षाही कमी. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. एवढं थांबलो ते काय खाली उतरायला? ही झुळूक आहे, दोन महिन्यांत जाईल. घड्याळवाल्याने मागच्या गल्लीत घर घेतलं. परवा दिसला, त्याने लांबून हात केला, मीही केला.

तू काही बोलत नाहीस याची मला जास्त भीती वाटते. एकदा चांगली रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. १४ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. समोरच आहे. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, तरी लोक तुझ्या सहीवर घरं घेतात म्हणजे कमाल आहे.

इकडे सर्व ठीक. औषधवाला भला माणूस. त्याने शेजारच्या घराची किल्ली माझ्याकडेच देऊन ठेवली आहे. ताईची खोली झाडून ठेवली आहे. तिच्या खिडकीत वेताची खुर्ची ठेवली, म्हणजे ती तिथे बसली की मला माझ्या ओट्यावरून दिसेल. काल भाजी घेऊन येताना मी चालत चालत पुढेच निघून गेले. औषधवाल्याने हाक मारली. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करते आहे. रस्ते फार बदलले आहेत इथले.

ताईला सांग, घाई करू नको. तिने जन्मभर काटकसर केली, चांगला भाव येऊ दे. पण फार उशीरही करू नको म्हणावं. तिची खोली झाडून ठेवली आहे. खिडकीत वेताची खुर्ची ठेवली आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. सर्वांवर माया आहेच, ती पोचती करणे.

तुझी,
आक्का

---

दि. ९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आठ दिवस आक्काकडे राहून काल परत आले. तुझ्याकडे आलेलं तिचं पत्र तू मला गंमत म्हणून पाठवलंस. ते वाचूनच मी गाडीत बसले. ती गंमत नव्हती रे. माझ्याकडे आलेली ती दोन पत्रंही टोमणा नव्हता. तिला एक लिहिल्याचं आठवत नव्हतं, म्हणून तिने दुसरं लिहिलं. आणि मी सूनबाईला वाचून दाखवून हसले.

पहिले दोन दिवस तिने मला कौतुकाने ठेवून घेतलं, सगळं जुनं काढून बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिने मला अगदी आदबीने विचारलं, की तुमच्या घरी कोण कोण असतं? मी हसून तिच्या हातावर चापट मारली. ती घाबरली. मग थोड्या वेळाने तिला उमगलं आणि माझा हात धरून खूप रडली. म्हणाली, की मला समजतंय काय होतंय ते, तू लवकर ये, मी तुला ओळखते आहे तोवर ये.

तेव्हा आता मला बाजार शिकवू नकोस. तुझी गल्ली, तुझा शेवटचा व्यवहार आणि तुझी पत, सगळं मला कळतं. मीही त्या भावाला भुलले, एकटा तूच नाहीस. पण आता येईल त्याला, देईल त्या किमतीत घर देऊन टाक. भाव गेला खड्ड्यात. मला माझ्या बहिणीशेजारी जाऊन राहायचंय.

बाकी लोभ वगैरे घर विकल्यावर लिहीन.

ताई

---

दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घर विकलं. काल सह्या झाल्या. फोनवर तुला एवढंच सांगता आलं, बाकीचं लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भाव उतरवला. तरी हे महिने गेले. मी उतरवला तसं लोक म्हणाले, अजून उतरेल, थांबू. मी तुला जे सांगत होतो, तेच ते मला ऐकवत होते! शेवटी एक नर्स आली, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहणार आहे. तिने नळ उघडला, पाणी बघितलं आणि विचारलं, की घर एवढं नीट ठेवलंय, मग इतके दिवस का पडून राहिलं? अशा वेळी द्यायची माझ्याकडे पुष्कळ उत्तरं आहेत. तिला मी खरं ते सांगितलं, की एजंटाच्या हट्टामुळे.

गल्लीतल्या दोघांनी माझ्याकडून किल्ल्या परत नेल्या. सख्ख्या बहिणीचं घर मातीमोलाने विकणारा एजंट नको म्हणाले. मला काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. औषधवाल्याशी शेजारच्या घराचं पक्कं केलं. तो शब्दाचा पक्का, आजच्या भावाने देतो म्हणाला. आणि आजचा भाव तिकडेही तेवढाच पडलेला आहे. कागदावर वजाबाकी मांडली, तर मागच्या फेब्रुवारीत घड्याळवाल्याला विकून तिकडचं घेतलं असतं तेव्हा जे उरलं असतं, तेवढंच आजही उरतंय. ताई, हे मी ऑफिसात रोज लोकांना सांगतो, की विकून लगेच विकतच घ्यायचं असेल तर बाजार चढला काय नि पडला काय, सारखंच. भावाकडे बघू नका, दिवस वाया घालवू नका. परक्यांना सांगितलं आणि तुझ्या वेळी विसरलो. माझ्या बहिणीच्या घराला गल्लीत सगळ्यात जास्त भाव आला, हे मला चारचौघांत सांगायचं होतं. वर्ष गेलं ते तेवढ्यासाठी, आणि ते वर्ष आक्काचं होतं. मला फार वाईट वाटतंय. जेवताना घास उतरत नाही.

तुझं टेबल आणि खोकी सोमवारी तिकडे पोचतील. किल्ली देण्याआधी एकदा सगळ्या खिडक्या उघडल्या. उगीचच.

लोभ मागायला तोंड नाही, पण मागतो.

तुझा,
धाकटा

---

दि. १९ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

घर छान आहे. नळाला पाणी स्वच्छ येतं. खिडकीत वेताची खुर्ची होती, तिथेच बसून लिहिते आहे. समोर ओट्याशी आक्का दिसते. आधी जेव. मी तुझ्यावर रागावलेली नाही. वर्ष आपण दोघांनी मिळून घालवलं, त्यातलं अर्धं माझ्या नावावर टाक.

तुला सगळं सांगायला हवं. आक्का मला ओळखत नाही. मी आले त्या दिवशी दारात उभी राहिले, तर तिने चौकशी केली, पाणी दिलं, बसा म्हणाली. रोज सकाळी चहा घेऊन येते, अगदी शेजारधर्म म्हणून. मला 'अहो बाई' म्हणते. तुमचं अक्षर छान आहे म्हणाली, माझ्या बहिणीचंही असंच आहे.

परवा चहा झाल्यावर ती जरा घुटमळली. मग म्हणाली, की बाई, मनाला लावून घेऊ नका, पण ही जागा माझ्या बहिणीची आहे. तिची खोली मी झाडून ठेवली होती. माझा धाकटा भाऊ मोठा एजंट आहे, तो चांगल्या भावासाठी थांबला आहे. भाव आला, की ती येईल. तेव्हा तुम्हाला ही खोली सोडावी लागेल. मी म्हटलं, ती येईल त्या दिवशी सोडीन. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, तुम्ही समजूतदार आहात.

तेव्हापासून रोज विचारते, की पोस्टमन आला का, भावाचं काही पत्र आहे का. माझं सांगणं तिला पटत नाही, मी परकी. तुझं अक्षर मात्र ओळखते. म्हणून एक काम कर, तिला एक पत्र लिही. छोटंच लिही. ती ते रोज नव्याने वाचेल.

लोभ आहे, पूर्वी होता तेवढाच आहे. लवकर भेटायला ये.

तुझी,
ताई

---

दि. २४ मे

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं घर विकलं. भाव अगदी मनासारखा आला. गल्लीत एवढा कुणालाच आला नाही.

ताई आजच निघाली आहे. तिची खोली झाडून ठेव.

तुझा,
बारक्या