गुडघ्यावरचा हात

१२ जानेवारी
नाक फुटलंय. पण पावाच्या रांगेतला तो जाड्या माझ्याहून वाईट अवस्थेत घरी गेला. आमची पोरं तिकडे मरतायत आणि हा परदेशी इथे रंग फासतोय, म्हणाला. दुकानाच्या फळीवर डोकं आपटलं त्याचं. घरमालकीण मावशीने झाप झाप झापलं — मास्तरांवर हात उचलून कॉलेज सोडलंस, आता माझं घरही सोडायचंय का? सोडून जाणार कुठे? माझ्या देशाची जहाजं दीड वर्ष बंद आहेत.
पट्टी मात्र तिने बांधली. मावशीच्या मुलीने. बोटं गार होती. आणखी एक नाक असतं तर तेही फोडून घेतलं असतं.

१४ जानेवारी
ती माझ्या खोलीत आली — आपणहून! आणि म्हणाली काय, “दादा, त्यांचं एक चित्र काढून देशील?”
‘त्यांचं’ म्हणजे तोफेचं. तोफखान्यात आहे म्हणून घरात सगळे त्याला तोफच म्हणतात. तिचा ठरलेला नवरा. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय. तो परत गेल्यावर भिंतीवर काहीतरी असावं, म्हणे. ‘दादा’नंतरचं मला नीट ऐकूच आलं नाही. हो म्हणून बसलो. गाढव!

१५ जानेवारी
मरो तो. आघाडीवर मरो. लिहून ठेवतोय.

१७ जानेवारी
पहिली बैठक. तोफ गणवेशात, बटणं लखलखीत. दाराकडे पाठ करून बसायलाच तयार नाही. शेवटी मीच चित्राचा स्टँड हलवला, उजेडाची वाट लागली. “चितारी, देखणा काढ हं. नसलो तरी,” म्हणाला. मावशी हसली. तीही हसली.
पहिला तास नुसता दगड. मग गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात आपोआप थरथरायला लागला. त्याने वरून डावा दाबला. तर दोन्ही थरथरायला लागले. मी बघतोय हे त्याला कळलं. थंडी फार आहे, म्हणाला. शेगडी रसरसून पेटली होती.

१९ जानेवारी
टर्पेंटाइनचा डबा माझ्या हातून खणकन फरशीवर पडला. पुढचं कळलंच नाही — मी आडवा, त्याचं कोपर माझ्या गळ्यावर. डोळे माझ्यावर, पण बघत होते भलतंच काही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कुंचल्याचं टोक त्याच्या कानात खुपसलं तेव्हा सुटलो.
कानातलं रक्त पुसून तो परत खुर्चीत बसला. नीट, पहिल्यासारखा. आणि बोलायला लागला. आघाडीवर त्यांच्या तोफेची नळीच फुटली होती. तिघांना त्याने घोंगडीत गोळा केलं — गोळाच करावं लागलं. चौथा अर्धा जिवंत होता, मला संपव म्हणून हातापाया पडत होता. संपवला. ह्याच हाताने. आता गोळा उचलला की हात उडतो. परत गेलो तर पहिल्याच आठवड्यात माझ्यासकट सगळी तुकडी उडणार, म्हणाला.
मग सांगत का नाहीस?
“हात थरथरतो म्हणणाऱ्या दोघांना आमच्याकडे भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. नाटक करतात म्हणून.”
परत जाण्याआधीची डॉक्टरांची तपासणी तीन तारखेला. दोन मिनिटांची. दोन मिनिटं हात धरून ठेवता येतो त्याला. वर धमकी — तिला सांगितलंस तर तुझा जीव घेईन.

२३ जानेवारी
बॉम्ब. भर दुपारी. पावाचं दुकान नाही. रांग नाही. तो जाड्या नाही. फळीचा तुकडा आमच्या अंगणात येऊन पडला, त्यावर केस चिकटलेले.

२५ जानेवारी
ती त्याच्या अंगावरच सदऱ्याचं बटण शिवत होती. दोरा दातांनी तोडला — तोंड त्याच्या छातीशी नेऊन. मी वर आलो आणि भिंतीवर गुद्दे घातले.
ठरलं. देखणा वगैरे काही नाही. हात काढणार. तिलाही दिसू दे कसला वीर पदरात पडतोय!

३० जानेवारी
झालं. उजवा हात तीनदा एकावर एक काढला, ओल्यातच पुसत गेलो. आता तो ठरतच नाही कॅनव्हासवर. वरून डावा दाबलेला, नखं पांढरी. असं चांगलं काही मी आजवर काढलं नव्हतं. इतका राग राग करून इतकं निरखून कोणाकडे बघितलंही नव्हतं.

१ फेब्रुवारी
चित्र दाखवलं. तोफेने पहिला ठोसा तोंडावरच मारला, पुढचा दात तुटला. मग रंग खरवडायची सुरी उचलून कॅनव्हासकडे धावला. ती मध्ये उभी राहिली. सुरीला भ्यायली नाही. त्याची कीवही नाही केली. एवढंच विचारलं, “हे कधीपासून?”
तिने ओलं चित्र चादरीत गुंडाळलं आणि गेली. कुठे, ते मावशीकडून कळलं — लष्करी इस्पितळात, डॉक्टरांना दाखवायला. मावशी म्हणाली, बाळा, काय करून बसलास हे?
नाटक ठरलं तर भिंत. मला हेच हवं होतं ना? वरच लिहून ठेवलंय. ते पान फाडायला गेलो. फाडलं नाही.

२ फेब्रुवारी
तोफ अंगणात बसून आहे. पळून जात नाही. मी समोर गेलो, मार म्हटलं. मारलं नाही. “उद्या बघू,” म्हणाला.

३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी त्याला दोन मिनिटं नाही, दीड तास बसवून ठेवलं. समोर चित्र. तासाभराने हात सुरू झाला, चित्रातल्यासारखाच; नाटक नाही हे पटलं त्यांना. भिंत नाही, आघाडीही नाही. कायमचा घरी. रविवारी लग्न.
तिने जिन्यातच मला घट्ट धरलं आणि रडली. तोंडातली जखम ठणकत होती. मी हललो नाही.