बाईंचं क्रियापद

बाई, आज क्लासमध्ये पुन्हा वेट हे क्रियापद आलं. मी आता नांदेडला स्पोकन इंग्लिश शिकवते. पोरं हुशार आहेत, अर्थ मोबाइलवर आधीच बघून येतात. तुमच्याकडे तसं चालत नसे. क्रियापद आधी करायचं, मग वहीत लिहायचं, हा तुमचा कायदा. वॉशच्या दिवशी तर आम्ही शेजारच्या वर्गाच्याही पाट्या धुऊन काढल्या होत्या. वेटसाठी तुम्ही भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून खिडकीत ठेवलीत. मला कुठला धीर! मधल्या सुट्टीत मी पुरचुंडी सोडते आहे आणि तुम्ही नेमक्या दारात. "येणार हे माहीत असतं, म्हणून आपण थांबतो. त्याला वेट म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "सारखं उघडून बघितलंस तर ते वेट नाही." दुसऱ्या दिवशी मोड आले. सगळ्या वर्गाने ते मीठ लावून खाल्ले, मगच तुम्ही तो शब्द लिहू दिला.

पुढे तुम्ही आजारी पडलात. नांदेडच्या दवाखान्यात जाताना, बरी होऊन येते, वेट करा, एवढंच सांगून गेलात. आम्ही केलं. तुम्ही नांदेडहून ज्या बसने मुखेडला यायच्या, त्या बसपाशी आम्ही चार-दोन पोरी रोज सकाळी उभ्या राहायचो आणि वर्गाच्या खिडकीत नवी पुरचुंडी बांधायचो. शाळेत मोठ्यांना सगळं कळलं होतं, पण लेकरांना कशाला सांगायचं म्हणून कुणी बोललं नाही. शेवटी कंडक्टरलाच राहवलं नाही. "कुणाची वाट बघून राहिलात गं? बाई गेल्या की. लई दिस झाले." त्या दिवशीही मटकीला मोड आले होते. कुणी खाल्ले नाहीत. त्या मोठ्या माणसांचा मला अजून राग येतो.

आज पोरांना मी फळ्यावर सरळ अर्थ लिहून दिला, वाट बघणे, आणि पुढच्या शब्दावर गेले. मटकी कधी नेलीच नाही. हा कागदही पर्समध्येच राहणार, टाकायचा कुठे? पण एक सांगते. माहेरी मुखेडला गेले की सकाळची नांदेडची बस येईपर्यंत मी स्टँडवर रेंगाळते, शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघते. तुम्ही येणार नाही, हे पक्कं माहीत आहे. म्हणजे तुमच्या हिशोबाने हे वेट नव्हे. मग ह्याला काय म्हणायचं, ते शिकवायचं तुमचं राहूनच गेलं.