मनुबाईचे दोन सोमवार

सोमवार, ६ जानेवारी १९७५

मानसिंगला लाज म्हणून न्हाई! मनुबाईनं आटपाडीला पोरीला बघून येते म्हटलं, तर म्हणतो एस्टीनं जा. रहिमतपुरातनं एस्टीनं जाऊन यायचं म्हणजे मुक्काम आला. तवर ह्याच्या पोराला ह्यो पाजणार?

सूनबाई बाळंतपणात गेली. नातू जगला तो मनुबाईच्या दुधावर. बाई स्वतःची चिंगी आईपाशी टाकून आमच्या घरात राहती. चिंगीला हितंच आण म्हटलं, तर मानसिंग म्हणतो — दूध वाटलं जाईल. माझ्याच पोटचा, कुणाला सांगू?

बुधवार, ८ जानेवारी

आज ठरवलं. मनुबाईला समोर बसवून; तिच्यामाघारी न्हाई.

घरची जीप तिला म्हैन्यातनं दोन सोमवार. मानसिंग एकावर अडला होता. पेट्रोल आमचं, पगारातनं कापायचं न्हाई. ऊसतोड असली तरी तिचा सोमवार मोडायचा न्हाई. बसायचं पुढं, डायवर नाथाजीच्या शेजारी. मानसिंगची अट एकच — दिवेलागणीच्या आत घरात, न्हाईतर पुढची खेप बंद. ती मी कबूल केली. दोन सोमवार घ्यायचे तर काहीतरी सोडावं लागतं.

मनुबाईला विचारलं, पटतंय का. म्हणाली, "आवं आईसाब, पोरगी मला वळखंल तरी."

सोमवार, १३ जानेवारी

गेली, आली. चिंगी आधी जवळ येईना म्हणे. हिकडं नातवानं गाईचं दूध माझ्या लुगड्यावर थुंकलं. बापाचा गुण!

शनिवार, १८ जानेवारी

मानसिंगला तिच्या सोमवारी जीप पायजे. म्हटलं, बैलगाडी जुंप.

सोमवार, २७ जानेवारी

ऊन असतानाच परत आली. पोराला पाजलं. भाकरीला हात लावला न्हाई. काय झालं विचारलं, तर पोराची दुपटी धुवाय गेली. मानसिंग खूश — बघ आई, शिस्त लावली की लागती.

मंगळवार, २८ जानेवारी

सांजच्याला आटपाडीचा माणूस आला. चिंगी रातीच गेली. सकाळी पुरलीसुद्धा.

नाथाजीला धरलं. मिल्ट्रीतला गडी, पण मान वर करंना. काल पोरगी तापानं फणफणली होती. त्यानं म्हटलं, बाई, गाडीत घाला, दवाखान्यात नेतो, उशीर झाला तर मालकाला मी सांगतो. तर ही म्हणाली, "नको दादा. उशीर झाला तर पुढचा सोमवार जाईल."

पोरीला आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीत बसली.

बुधवार, २९ जानेवारी

मानसिंग म्हणतो, पुरून झालं, आता जाऊन काय करायचं? आणि म्हैन्याचे दोन सोमवार तर झाले.

नाथाजीला गाडी काढायला लावली. मनुबाई पुढं. मी न् मानसिंग मागं, नातू माझ्याजवळ. तिची आई विचारणारच — तापातली पोर टाकून लेक का परत गेली? नाथाजीनं बोलायचं न्हाई. आधी मानसिंगनं जबाब द्यायचा, मग मी. मनुबाईला कुणी काही विचारायचं न्हाई.