हिच्यासाठी सोडलेली जागा

मंगळवार, ३ डिसेंबर
सामान उतरलं, चहा झाला, घर पसंत आहे. दोनच खोल्या, पण उन्हाची कंजुषी नाही. लेक पडदे लावून आणि शंभर सूचना देऊन गेली. म्हणाली, बाबा, जुन्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात आई दिसायची तुम्हाला, इथे जीव रमेल. रविवारी परत येणार आहे.

बैठकीत विजेची शेकोटी आहे, खोट्या ज्वाळांची. अशा शेकोटीभोवती दगडी चौकट असावी ही हिची जुनी हौस. जुन्या घरात जागा नव्हती. आता जागा आहे, तर हीच नाही. उन्हाळ्यात गेली. चौकट मी करणार.

बुधवार, ४ डिसेंबर
चौकटीची पॅनेलं आली. दिसायला काळा पाषाण, उचलायला कापूस. सगळा फोम. जावई फोनवर म्हणाला, कारागीर बोलवा. मी म्हटलं, आमच्या घरी कारागिराला फक्त चहा मिळतो, काम नाही. हसला.

कपाट असो की पार्टिशन, आमची रीत ठरलेली. मी पुढून लावायचो, ही मागे उभी राहून धरायची. मी तळव्याने थाप मारायची, म्हणजे बसलं का? हिने मागून बोटाने वाजवायचं. एकदा म्हणजे काढा, दोनदा म्हणजे बसलं. हिचं दोनदा आल्याशिवाय मी कधी पुढे सरकलो नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर
लाकडी सांगाडा उभा केला. लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, भिंतीपासून एवढा लांब का घेतलात, चार बोटं अंतर पुरलं असतं. जाऊन पाहिलं, तर मागे एक माणूस उभं राहील एवढी जागा. हात सवयीने चालले आणि हिची जागा सोडून बसलो. तिथेच खाली बसून ढसाढसा रडलो. सांगाडा मोडायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर
पहिलं पॅनेल चिकटवलं आणि सवयीने थाप मारली. मागून दोनदा वाजलं. नवं लाकूड तडकतं, असं मनाला सांगितलं. दुसऱ्यालाही दोनदा. तिसरं मुद्दाम तिरकं लावलं.

एकदाच वाजलं.

सरळ केलं. दोनदा. घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. दिवसभर लावत राहिलो, जेवायचंही सुचलं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर
शेवटचं पॅनेल राहिलंय, खालचं. लावलं. थाप मारली. एकदा. नीट बसवलं. एकदा. पुन्हा एकदा— काढा, काढा. मग डोक्यात उजेड पडला. मी हिला आत कोंडतोय.

काढलं. आत हात घातला. गार बोटांनी मनगट धरलं. हिचीच बोटं, मी ओळखतो. पण आत ओढत होती— असं हिने मला कधीच—

मनगट काळंनिळं झालंय. लेकीला फोनवर म्हटलं, उद्या लवकर ये. का, ते सांगता आलं नाही.

रविवार, ८ डिसेंबर
सकाळपासून आत रडणं. ही आजारातसुद्धा रडली नव्हती. कसं ऐकून घ्यायचं—

आत शिरलो. हिला बाहेर काढायला. खिशात वही, हातात टॉर्च. आत कुणी नाही.

वळलो तर पॅनेल बाहेरून लागलेलं. ओल्या गोंदाचा वास. फोमच आहे, एका लाथेत निघेल.

दाराची घंटा. लेक आली. बाबा, बाबा करतेय. किल्ली आहे तिच्याकडे—

बाहेरून तळव्याची थाप. बसलं का, ही विचारतेय. इतकी वर्षं ही मागे, मी पुढे. आज—

एकदा वाजवलं. काढ. लेक आलीय गं, काढ.

थांबलीय, दुसऱ्यांदा वाजायची वाट बघत. काढत नाही. पॅनेलपलीकडे श्वास ऐकू येतोय हिचा, किती दिवसांनी—

बोट अजून दुमडलेलंच आहे. सरळ होत नाही. ते पुन्हा