नव्या घोंगड्यावर कोण बसलं

वस्तीवरून, ता. जत
मंगळवार

तीर्थरूप मामांस,

भाचा धनाजी याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? कुपवाडला कारखान्यात जाताना गाडी खड्ड्यांतून हळू चालवा, असं आईने तीनदा सांगितलं आहे. मी एकदाच लिहितो. मामींनाही नमस्कार. इकडे माणसं बरी आहेत, मेंढरं बरी आहेत. कुत्र्याबद्दल पुढे लिहितो.

तुमची सोनम आणि तिच्यासोबतची चार परदेशी मुलं गेले आठ दिवस आमच्या वस्तीवर आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. हवामान बदललं तसे धनगरांचे चाऱ्यापाण्याचे रस्ते कसे बदलले, याचा ती पाच देशांची पाच जणं मिळून अभ्यास करतात. काम चांगलं आहे, माझी तक्रार नाही. परंतु सोनमने तुम्हाला पाठवलेल्या फोटोत ती एका मुलाशेजारी नव्या घोंगड्यावर बसलेली दिसते. तुमचा गैरसमज होऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तो मुलगा बातार. देश मंगोलिया. (नकाशात पाहून खात्री केली.) मला वाटलं होतं, परदेशी मुलं मेंढरू बघून चार पावलं मागे सरतील आणि मी पुढे होईन. पण मंगोलियातही मेंढपाळ असतात, आणि हा त्यांच्यातलाच निघाला. पहिल्याच दिवशी पळालेला बोकड त्याने मागच्या पायाला धरून असा बसवला, की आई म्हणाली, "धना, बघून घे रं, पाय कसा धरत्यात ते." मी पंधरा वर्षं बोकड धरतो आहे, मामा. दुसऱ्या दिवशी त्याने शीळ घातली आणि सगळी मेंढरं वळली. (माझ्या शिळेवर फक्त कुत्रं यायचं. आता तेही त्याच्या पायाशी झोपतं.) तो इंग्रजीत बोलतो, सोनम मराठीत सांगते, आणि सांगताना तो बोलला त्याच्या दुप्पट हसते.

आता घोंगड्याचं. आपल्यात सोयरीक बोलायला येणाऱ्या पाहुण्यासाठी नवं घोंगडं घडी करून ठेवतात. आमच्या घरातलं कोणासाठी ठेवलं होतं, ते मी लिहीत नाही, तुम्हाला समजेल. ते आईने बातारसाठी अंथरलं. मी म्हणालो, आये, ते नको. तर म्हणाली, "लांबनं आलंय लेकरू. तुज्या पावण्यांचा काय अजून पत्ता न्हाई." सोनम टिपण घ्यायला त्याच घोंगड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघांत दोन हात अंतर होतं. फोटोत ते कमी दिसतं. फोटो मीच काढला आहे. डाव्या कोपऱ्यात जो अंगठा दिसतो, तो माझा.

यापुढचं लिहायला जड जातं. बारावीला इंग्रजी राहिल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी रोज सकाळी आठला पाऊस मोजून वहीत लिहितो. (पाऊस नसेल तर शून्य. शून्यच जास्त आहेत, पण एकही शून्य अंदाजे टाकलेलं नाही.) ही वही सोनमला दाखवायची म्हणून मी नवं कव्हर घातलं होतं. परवा ती म्हणाली, "धना, वही दे की रं, बातारला लय गरज हाय तिची." बातारला. माझ्या तोंडून निघून गेलं, की वही मेंढीने खाल्ली.

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. बातार चटकन उठला. कागद पोटात अडकतो म्हणे. कोणत्या मेंढीने खाल्ली, असं विचारत त्याने बासष्ट मेंढरांची पोटं दाबून पाहिली, सोनम पाठोपाठ बॅटरी घेऊन. शेवटी मला एकीकडे बोट दाखवावं लागलं. तिला गोडं तेल पाजलं. ती मेंढी तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही.

तरी बातार तुमच्या घरी जेवायला आला, तर त्याला काय मान द्यायचा तो तुम्ही ठरवा. मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
धनाजी

ता. क. आत्ताच बातारने बायकोचा आणि दीड वर्षाच्या मुलाचा फोटो दाखवला. मुलगा गुटगुटीत आहे. वरचा मजकूर त्या बेताने वाचावा. खाडाखोड नको, म्हणून तसाच ठेवला आहे.

आणखी ता. क. वही ज्वारीच्या कणगीत सापडली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मेंढीने ती तिथे कशी ठेवली, हे कोणी विचारलं नाही. पाचही जणं दोन तास शून्यं वाचत बसली. त्यांच्या अहवालात आता सहावं नाव माझं येणार आहे. देश कोणता लिहायचा, असं जपानच्या मुलीने विचारलं, तर सोनम म्हणाली, जत.

शेवटचं ता. क. घोंगडं झाडून, ऊन देऊन पुन्हा घडी करून ठेवलं आहे. दिवाळीच्या आत तुम्ही यावं. टपालाला वेळ लागतो, म्हणून हे पत्र उद्या सोनमच्याच हाती देत आहे. पाकिटाला खळ जरा कमी लागली आहे. उघडलेलं दिसलं तर तिला काही विचारू नका. फक्त देताना तिचं तोंड कसं होतं, तेवढं मला फोनवर सांगा.