पाण्यामागं सरकलेली लाइन

उजनीकाठ,
१२ मे

चि. प्रियंकास धुळाप्पाकाकाचे आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर कशी आहे? कीर्तीचा खोकला हटला का? तू दाढ काढलीस, का अजून गालाला हात लावूनच बसतेस? सासूबाईंना नमस्कार. आणि घरात आणखी कोणी असेल, तर त्याला घास गिळवतो का, तेही लिही. फोन उचलत नाहीस, म्हणून दूधटेम्पोवाल्या शिवयोगीच्या हाती पत्र देतोय.

तू चिडवायचीस, "काका, तुमचं सगळं इंग्रजी एका शब्दात मावतंय की!" खरंच गं. वीज आली की 'लाइन आली', पोरीमागं फिरला की 'लाइन मारतोय', बिघडलेल्याला 'लाइनीवर आणा', आणि मोटारीचा पाइप, तीही लाइनच.

त्या पाइपापायीच झालं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटतं, तशा आपण मोटारी पुढं सरकवतो. उघड्या गाळात ज्यानं त्यानं आपल्या बांधाच्या नाकासमोर पाइप न्यायचा, ही रीत. भाऊबंदातल्या बिरुदेवानं त्याचा पाइप तुझ्या माहेरच्या गाळातून आडवा नेला.

"माझ्या म्होरं खडक हाय, चार दिस जाऊ दे की," तो म्हणाला.

"तुझ्या बापाचं धरण हाय व्हय?" म्हणत तुझ्या भावानं पाइपावर कुऱ्हाड घातली. पाणी उसळलं. बिरुदेव धावून आला. दुसरा घाव त्याच्या मानेवर. मी "बिभीषणा!" म्हणून ओरडेस्तोवर तिसरा. गाळ लाल झाला.

बिभीषण गाडीला किक मारून पळाला. मग बिरुदेवाचे भाऊ आले. गोठा पेटवला, तुझ्या आईचा हात काठीनं मोडला.

"पोरगं काढ भाईर, न्हाईतर हितंच गाडतो!"

"गाडा. त्यो कुटं हाय, मला ठावं न्हाय," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच ठाऊक नाही. मला आहे.

तो तुला म्हणाला असेल, बिरुदेव दवाखान्यात हाय, उठंल. पोरी, आज सकाळी त्याला घरी आणला. खांदा द्यायला गेलो, तर मला ढकलून दिलं.

शिवयोगीला बिरुदेवाच्या भावांनी तुझा सोलापूरचा पत्ता विचारलाय. राख सावडली की निघतील. त्याआधी बिभीषणाला पोटभर जेवू घाल आणि स्वतः ठाण्यात ने. तुरुंगात गेला तर भाकरी घेऊन भेटायला येईन. मढं झाल्यावर कुणाला भरवू?

शिवयोगी दारात थांबेल. त्याच्याच हाती लगेच दोन शब्द लिहून धाड.

तुझा, आणि अजूनही त्याचा,
काका